पांढऱ्या पेशींतील अग्नि

इ. स. १८८२ सालीं इटलींतील मेसिना येथें एलि मेच्निकॉफ या प्राणिशास्त्रज्ञानें तारामाशाच्या पारदर्शक पिलांच्या अंगांत गुलाबाचे कांटे टोंचले. दुसऱ्या दिवशीं पाहतो तों फिरत्या पेशींनीं त्या कांट्यांस गराडा घातलेला ! शरीरांत शिरलेल्या परक्यास गिळणाऱ्या पेशी असतात, हा सिद्धान्त त्यांतून निघाला व १९०८ सालीं त्यास नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला. परंतु गिळलेला जंतु मरतो कशानें, हा प्रश्न उरलाच.

१९३३ सालीं बाल्ड्रिज व जेरार्ड यांस आढळलें कीं, कुत्र्याच्या रक्तांतील पांढऱ्या पेशी जंतु गिळूं लागल्या म्हणजे त्यांचा प्राणवायूचा खप एकदम वाढतो. तो गिळण्याच्या श्रमासाठीं असावा, असें वाटणें साहजिक होतें. पण १९५९ सालीं स्बारा व कार्नोव्स्की यांनीं दाखविलें कीं, प्राणवायूवांचूनहि पेशी गिळूं शकतात. मग तो जादा प्राणवायु जातो कोठें ?

उत्तर मिळालें तें लहान मुलांच्या दुःखांतून. १९५७ सालीं अमेरिकेंतील मिनेसोटा येथें, वारंवार जंतुविकार होऊन बालकांना नेणारा एक रोग वर्णिला गेला. १९६७ सालीं उघड झालें कीं, त्या मुलांच्या पेशी जंतु गिळीत, पण कित्येक जंतूंना मारूं शकत नसत. आणि प्राणवायूचा तो वाढीव खप त्यांच्यांत होतच नसे. पुढें १९७३ सालीं बॅबियर व त्याच्या सहकाऱ्यांनीं दाखविलें कीं, निरोगी पेशी प्राणवायूस एक इलेक्ट्रॉन देऊन सुपरऑक्साइड नांवाचें उग्र द्रव्य बनवितात. जंतूंस मारणाऱ्या अग्नीची ठिणगी ती हीच.

येथवर ही शस्त्राची कथा झाली. परंतु श्रोत्यांनीं ध्यानांत घ्यावें कीं, त्याच रोग्यांनीं आणखी एक धडा दिला. अग्नि नाहीं तेथें दाहहि नसावा, असें कोणीहि म्हणेल. प्रत्यक्षांत त्यांच्या आंतड्यांत जंतु न सांपडतांहि दाह भडके व लौकर शमत नसे. कारण दाह चेतविणारे निरोप आवरणें, व काम संपलेल्या पेशींस वेळीं निरोप देणें, यांतहि त्या उग्र द्रव्यांचा हात असतो. शिपायाच्या हातचें शस्त्र असें शिपायासच शिस्त लावतें !

त्या रोगाचीं पुष्कळ मुलें आज नित्याच्या औषधांनीं व अस्थिमज्जारोपणानें मोठीं होतात. ज्यांच्या व्यथेनें हें ज्ञान दिलें, त्यांचें ऋण त्या ज्ञानानें असें अंशतः फेडलें आहे.