शिकाऱ्याची गोळी : नेम, दाम आणि परवाना

बंदुकीत गोळी कोणती घालावी हा शिकाऱ्याच्या हौसेचा प्रश्न, असा सर्वसाधारण समज आहे. खामगावच्या आसपास रोही आणि रानडुकरे एका रात्रीत उभी ज्वारी लोळवितात. तेथे राहणाऱ्या आम्हांस तो शेताचा, पैशाचा आणि त्याहूनही अधिक सरकारी परवान्याचा प्रश्न वाटतो.

सातपुड्यापलीकडील निमाड जिल्ह्याचे अधिकारी कॅप्टन जेम्स फॉर्सिथ यांनी 1860 च्या दशकात शिकारी रायफल व तिच्या गोळ्या यांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. त्यांच्या विचाराचा रोख असा : आपल्या जंगलात सावज बहुधा जवळच दिसते आणि नेम चुकतो तो बहुतेक अंतराचा अंदाज चुकल्यामुळे. यास्तव गोळी गोल व दारू भरपूर असावी, म्हणजे तेवढ्या टप्प्यात गोळी फारशी खाली येत नाही. मात्र नळीतील आटे अगदी सावकाश वळणारे हवेत. नाहीतर दारूच्या जोराने मऊ शिसे आटे सोडून निसटते. या गोळीचा दुसरा गुण आम्हांस अधिक मोलाचा वाटतो. ती साच्यात घरीच ओतता येई. गोळी पोकळ निघू नये आणि दारूचे माप दर वेळी तेच राहावे, एवढे सांभाळले की थोड्या खर्चात अचूकपणा साधे.

पुढे पितळी काडतूस आले. भरणे सोपे झाले, परंतु शिकारी दुकानदाराच्या आणि कायद्याच्या स्वाधीन झाला. 1878 च्या शस्त्रकायद्याने परवाना आवश्यक केलाच होता. 1907 च्या सुमारास सरकारने 0.450 इंची रायफलींवर बंदी घातली. सैन्याच्या जुन्या मार्टिनी-हेन्री बंदुकीचा व्यास तोच असल्याने ही काडतुसे बंडखोरांच्या उपयोगी पडतील, ही भीती! विलायती कारागिरांनी लगेच 0.465 व 0.470 इंची रायफली काढल्या. वाघाला हा फरक कळला असेल असे वाटत नाही. 0.303 ही तर लष्करी माप म्हणून खाजगी माणसास वर्ज्यच होती. म्हणून स्वातंत्र्यानंतर इशापूरच्या सरकारी कारखान्याने नागरिकांसाठी रायफल केली ती 0.315 ची, तिची घडण मात्र लष्करी ली-एनफील्डचीच. नेमबाजीच्या शास्त्रात या निवडीचे कारण शोधणे व्यर्थ होय.

शेतकऱ्याच्या वाट्यास यातले फारसे आले नाही. 1959 च्या शस्त्रकायद्याने पीकरक्षणासाठी उल्लेखिली ती ठासणीची बंदूक, म्हणजे फॉर्सिथच्या काळातही जुनी होत चाललेली. 1972 च्या वन्यजीव कायद्याने हौसेच्या शिकारीवर कडक निर्बंध घातले. पिकास उपद्रव देणारे संरक्षित जनावर मारावयाचे तर वनखात्याची लेखी परवानगी लागते. बंदुकीचा परवाना जवळ असला तरी हा दुसरा कागद हवाच. आणि रानडुकरे येतात ती मध्यरात्री.