'ऊबदार' आवाजाचा शोध : ॲबी रोड, १९६८-६९

१/
स्टुडिओसाठी मायक्रोफोन प्रीॲम्प निवडताना आज हमखास एक शब्द कानी पडतो : 'ऊब'. व्हॉल्व्हच्या आवाजात ऊब असते, ट्रान्झिस्टरच्या आवाजात नसते, असे मानले जाते. ही समजूत नेमकी कोठून आली? उत्तरासाठी लंडनच्या एका स्टुडिओतील दोन वर्षे पाहू.

२/
आधी थोडे तंत्र. मायक्रोफोनमधून निघणारा विद्युत्संकेत अत्यंत क्षीण, बहुधा काही मिलिव्होल्टचा असतो. तो टेपयंत्राला पेलेल इतका मोठा करणे हे प्रीॲम्पचे काम. ४० डेसिबल वर्धन म्हणजे व्होल्टेज शंभरपट. ६० डेसिबल म्हणजे हजारपट. साहजिकच या पायरीवर जे बिघडते, ते पुढे सर्वत्र बिघडलेलेच राहते.

३/
ईएमआय कंपनीचा ॲबी रोड स्टुडिओ १९३१ साली सुरू झाला. १९५५ मध्ये कंपनीने ध्वनिमुद्रणाची यंत्रे स्वतः घडवण्यासाठी 'रेड' नावाचा विभाग स्थापन केला. त्याच्या 'रेड.३७' या मिक्सिंग डेस्कमध्ये जर्मन बनावटीचे व्ही७२एस हे व्हॉल्व्ह प्रीॲम्प होते. पुढच्या 'रेड.५१'साठी मात्र विभागाने स्वतःचा 'रेड.४७' प्रीॲम्प तयार केला.

४/
येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. पांढरे कोट घालून वावरणाऱ्या त्या अभियंत्यांना 'ऊब' नको होती. त्यांना हवी होती निष्ठा : जसा आवाज आत आला, तसाच बाहेर जावा. व्हॉल्व्ह ही त्यांची आवड नव्हती. उपलब्ध तंत्रातील ती उत्तम सोय होती. विकृती हा त्यांच्या लेखी निखळ दोष होता.

५/
तो दोष मुद्दाम ओढवून घेतला गेला जुलै १९६८ मध्ये. बीटल्सच्या 'रेव्होल्यूशन' या गाण्यासाठी गिटार ॲम्प्लिफायर वगळून थेट डेस्कला जोडल्या गेल्या. एका प्रीॲम्पचा संकेत दुसऱ्या प्रीॲम्पमध्ये सोडला आणि दोन्ही क्षमतेपलीकडे ताणले. त्यातून निघाला तो फाटका, करकरीत आवाज. हाच तो 'ऊबदार' व्हॉल्व्ह प्रीॲम्प!

६/
त्याच वर्षाच्या अखेरीस स्टुडिओ क्रमांक दोनमध्ये नवा डेस्क आला : टीजी १२३४५, ईएमआयचा पहिला ट्रान्झिस्टर डेस्क. कारण सौंदर्यशास्त्रीय नव्हते, व्यावहारिक होते. आठ ट्रॅकची टेपयंत्रे आली होती आणि जुन्या डेस्कला निर्गम होते अवघे चार. नव्याला मायक्रोफोनसाठी २४ मार्ग आणि आठ निर्गम होते. एवढा पसारा व्हॉल्व्हमध्ये मांडायचा, तर आकार आणि उष्णता दोन्ही आवरेनाशी झाली असती.

७/
सप्टेंबर १९६९ मध्ये आलेल्या 'ॲबी रोड' या अल्बमचे बहुतांश काम याच डेस्कवर झाले. ध्वनिमुद्रक जेफ एमरिक यांना प्रारंभी तो रुचला नाही. जुन्या डेस्कचा ठोसा नव्यात सापडत नाही, आवाज मवाळ होतो, अशी त्यांची तक्रार होती. पुढे मात्र त्या अल्बमच्या प्रकृतीला हा मऊपणाच मानवला, असे त्यांनी आठवणींत नोंदवले आहे.

८/
म्हणजे गंमत पाहा. ज्याच्या कानांनी दोन्ही यंत्रे एकाच वास्तूत अनुभवली, त्याला व्हॉल्व्ह आक्रमक वाटले आणि ट्रान्झिस्टर मृदू. आजच्या जाहिरातींतील विशेषणे नेमकी उलट आहेत. 'ऊब' हा यंत्राचा अंगभूत गुण नसून, यंत्र किती ताणले आणि कोणासाठी वापरले, यावर तो अवलंबून असतो.

९/
याच काळातील मुंबईचा एक धागा. जानेवारी १९६८ मध्ये जॉर्ज हॅरिसन यांनी मुंबईच्या एचएमव्ही स्टुडिओत भारतीय वादकांसह ध्वनिमुद्रण केले. 'द इनर लाइट'चे वाद्यसंगीत तेथलेच. गायन नंतर ॲबी रोडला झाले. मुंबईत रस्त्यावरच्या रहदारीचा आवाज आत येत असे. प्रीॲम्पला सतार आणि मोटारीचा भोंगा यांतला भेद कळत नाही. तो दोन्ही सारख्याच इमानाने मोठे करतो. तरीही ते संगीत टिकले, ते वादकांच्या हातामुळे.

१०/
मग निवड कशी करावी? आधी स्रोत पाहावा. कर्कश गिटारला कोणताही चांगला प्रीॲम्प चालतो. पण घरातल्या आजीच्या जात्यावरच्या ओव्या हलक्या आवाजात टिपायच्या असतील, तर भरपूर वर्धन आणि कमीत कमी खरखर हे दोनच निकष. तेथे 'ऊब' विकत घेण्यापेक्षा खिडकी बंद करून मायक्रोफोन वीतभर जवळ नेणे अधिक फलदायी.

११/
आपण ज्याला एखाद्या काळाचा आवाज म्हणतो, तो त्या काळाच्या माणसांना बहुधा अडचण वाटत असे. त्यांनी ती अडचण वापरली. आपण तिचे स्मारक करून किंमत लावली. ओव्या म्हणणारा आवाज मात्र पुन्हा विकत मिळणार नाही. हाताशी जे यंत्र आहे, त्यावर तो आजच टिपून ठेवावा.

(धागा समाप्त)