शेजारची खुर्ची

इतिहासात घोड्याला मान, हत्तीला मान. खेचराला कोण विचारतो? तरी वाळवंटातल्या शर्यतींच्या इतिहासात ते शिरलंच. १९८८ साली कावासाकी कंपनीनं शेतावर ओझी वाहायला एक छोटी चारचाकी काढली आणि नाव ठेवलं ‘म्यूल’, म्हणजे चक्क खेचर! दोघांनी शेजारीशेजारी बसायचं, म्हणून असल्या गाड्यांना ‘साइड-बाय-साइड’ म्हणतात. पुढे तिची चपळ भावंडं निघाली आणि ओझी सोडून वाळूत धावू लागली.

आता शर्यतीचं ऐका. १९७७ साली तिएरी साबीन हा फ्रेंच गृहस्थ आबिजान-नीस शर्यतीत मोटारसायकलवरून लिबियाच्या वाळवंटात वाट चुकला. एकटाच! मरतामरता वाचला. आपल्यातला कुणी असता तर सत्यनारायण घालून स्वस्थ बसला असता. यानं १९७८च्या २६ डिसेंबरला पॅरिस-डाकार शर्यत सुरू केली.

ही शर्यत २००९ साली दक्षिण अमेरिकेत गेली. २०१७ साली तिच्यात साइड-बाय-साइडना स्वतंत्र वर्ग मिळाला. पहिले विजेते ब्राझीलचे लेआंद्रो तोरेस. गाडी पोलारिसची. पण शेजारी लोरिव्हाल रोल्दान होते. हा शेजारचा माणूस रोडबुक वाचून खड्डे नि वळणं सांगत असतो. आम्हां बँकवाल्यांना दुसऱ्या सहीची किंमत ठाऊक. एकट्याच्या सहीवर मोठी रक्कम हलत नाही. इथे तर जीवच पणाला!

साबीनच्या शेजारी असा कुणी असता, तर तो चुकला नसता.

पण मग शर्यतही निघाली नसती, म्हणा!