सरायचा दरवाजा आणि मालकाची जबाबदारी

लॉजमध्ये उतरलेल्या माणसाने कुणाचा जीव घेतला, तर लॉजमालकाचा त्यात दोष किती? प्रश्न आजच्या कोर्टातला वाटतो, पण आपल्या देशात त्याला जवळजवळ पाचशे वर्षांचा इतिहास आहे.

शेरशाह सूरीने (१५४०–१५४५) रस्ते आणि सराया बांधल्या, एवढे शाळेत शिकवले जाते. त्याचा इतिहास लिहिणारा अब्बास खान सरवानी सरायांची संख्या १७०० देतो. त्याने सांगितलेला कायदा मात्र फारसा कुणाला ठाऊक नसतो. वाटसरूचा खून झाला आणि खुनी सापडला नाही, तर ज्या गावच्या हद्दीत खून झाला तिथल्या मुकद्दमाला पकडायचे. मुदतीत खुनी हजर केला तर सुटका, नाही तर मुकद्दमालाच मृत्युदंड. मुकद्दमाला माहीत असल्याशिवाय गावात असे काही घडत नाही, हा त्यामागचा हिशेब. मराठी मुलखातली रीत याहून सौम्य होती. राखणदाराने चोराचा माग काढायचा आणि तो पुढच्या गावाच्या शिवेपर्यंत नेला की जबाबदारी त्या गावाची. एल्फिन्स्टनच्या १८१९ च्या अहवालात ही पद्धत नोंदलेली आहे.

रस्ते सुरक्षित झाले असतील, पण न्याय झाला का? एकाच्या गुन्ह्याचे ओझे दुसऱ्याने वाहायचे नाही, हे कुरआनचे तत्त्व आहे. शेरशाहचा कायदा त्यात बसवणे अवघड आहे.

इटालियन प्रवासी मनूची शाहजहानच्या अखेरच्या काळात इथे आला. त्याने सरायची जी पद्धत लिहिली आहे ती मला जास्त शहाणपणाची वाटते. रात्री दरवाजा बंद. सकाळी तो उघडण्यापूर्वी पहारेकरी तीनदा ओरडून सांगे, आपापले सामान पाहून घ्या. कुणाचे काही हरवले असेल तर ते सापडेपर्यंत दरवाजा उघडत नसे. चोराला मिळणारी फाशीची शिक्षा आजच्या मापाने क्रूर होती, पण ती चोरालाच होती. सरायवाल्याचे काम दरवाजा राखण्याचे, आणि हिशेब त्या कामाचा.

इंग्रजांच्या १८६७ च्या सराय कायद्याने हीच कामे कागदावर आणली. सरायची नोंदणी करायची, उतारूंच्या आणि जनावरांच्या रक्षणासाठी पुरेसे पहारेकरी ठेवायचे, भिंती-दरवाजे दुरुस्त ठेवायचे, मॅजिस्ट्रेटने मागितल्यास कोण कोण उतरले त्याची खबर द्यायची. कसूर केली तर दंड, तिसऱ्यांदा दोषी ठरला तर सराय चालवण्याचा हक्कच गेला. लॉजच्या काउंटरवरचे रजिस्टर याच परंपरेतले.

आपल्या सुप्रीम कोर्टाने १४ नोव्हेंबर २०१९ रोजी असाच एक निकाल दिला. १९९८ साली दिल्लीच्या ताजमहाल हॉटेलात आलेल्या तीन मुलांपैकी एकाने दुसऱ्या पाहुण्याच्या मोटारीची किल्ली काउंटरवरून उचलली आणि गाडी पळवली. पार्किंगच्या चिठ्ठीवर 'मालकाच्या जोखमीवर' असे छापलेले होते. कोर्ट म्हणाले, किल्ली तुमच्या ताब्यात होती, तेव्हा आपला निष्काळजीपणा नव्हता हे आधी तुम्ही दाखवा. आपण उर्दूत ज्याला अमानत म्हणतो आणि मराठीत तोच शब्द अनामत होऊन बसला आहे, त्याच्याच रक्षणाचा हा प्रश्न.

मोटारीच्या जागी माणसे असली की काय होते, ते अमेरिकेत दिसले. १ ऑक्टोबर २०१७ रोजी लास व्हेगासच्या एका हॉटेलात उतरलेल्या माणसाने ३२ व्या मजल्यावरून संगीताच्या कार्यक्रमावर गोळ्या झाडल्या. त्याने अनेक दिवसांत बंदुकांच्या बॅगा खोलीवर नेल्या होत्या. पीडितांनी दावे लावले. हॉटेल कंपनीने दोष कबूल न करता ८० कोटी डॉलरपर्यंतची तडजोड मान्य केली. बॅगांकडे कुणाचे लक्ष का गेले नाही, हा वादाचा मुद्दा होता.

आता आपल्याकडे या. जबाबदारीच्या भीतीने लॉजवाला पहारा वाढवत नाही, तो नाव वाचतो. एका शहरात प्रशिक्षणासाठी गेलो असता आधार कार्ड पाहिल्यावर मला 'रूम नाही' असे उत्तर मिळाले. माझ्या मागच्या माणसाला मिळाली. हे अनेक वाचकांना नवीन नसेल. पण नावाच्या चाळणीतून काय निसटते ते पाहा. दाऊद गिलानीने २००६ साली आपले नाव बदलून डेव्हिड हेडली करून घेतले, ते याच चाळणीतून पार होण्यासाठी. २६/११ च्या आधी तो मुंबईच्या ताजमध्येच राहून गेला.

आमच्या वाशीम जिल्ह्यात बालाजीला, पोहरादेवीला, शिरपूरला माणसे येतात आणि मुक्काम करतात. कारंज्याच्या जुन्या वेशी सांगतात की व्यापाऱ्यांची वर्दळ इथे पूर्वीपासून आहे. इथल्या लॉजवाल्याकडून इतिहासाने जे मागितले तेवढेच मागावे: रात्री जागा असणारा राखणदार, धड लागणारी कडी, खरे रजिस्टर आणि आरडाओरडा ऐकून लगेच धावणारा माणूस. यात कसूर झाली तर त्याला जरूर जाब विचारा. पाहुण्याचा धर्म पाहून दार लावले, म्हणजे राखण केली असे होत नाही.