हिंगोली जिल्ह्यातील न्यायालयीन अभिलेख : स्वरूप, शोध आणि उपलब्धता – एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

न्यायालयाचा निकाल लागला की पक्षकारांच्या दृष्टीने वाद संपतो. इतिहासाच्या दृष्टीने मात्र त्याच वेळी एका साधनाचा जन्म होतो. वादी-प्रतिवादींचे अर्ज, साक्षीदारांचे जबाब, दाखल केलेले दस्तऐवज आणि न्यायाधीशांची कारणमीमांसा यांतून ज्या सामान्य माणसाने स्वतःविषयी काहीही लिहून ठेवले नाही, त्याचे जीवन लिखित स्वरूपात शिल्लक राहते. मराठवाड्याच्या सामाजिक इतिहासाच्या लेखनात या साधनाचा उपयोग अल्प प्रमाणात झालेला आहे. त्याचे कारण साधनांचा अभाव हे नसून, ती कोठे व कशी शोधावीत याविषयीची अपुरी माहिती हे होय. प्रस्तुत शोधनिबंधात हिंगोली जिल्ह्याच्या संदर्भात न्यायालयीन अभिलेखांची जडणघडण, ते मिळविण्याची कायदेशीर रीत आणि त्यातील अडचणी यांचा परामर्श घेण्यात आला आहे.

प्रशासकीय पार्श्वभूमी :

हिंगोली जिल्ह्याची निर्मिती १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्याच्या विभाजनातून झाली. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, वसमत आणि औंढा नागनाथ हे त्याचे पाच तालुके होत. जिल्हा नवा असला तरी येथील न्यायव्यवहार नवा नाही. १८५३ मध्ये हैदराबाद संस्थानचे दिवाणपद स्वीकारलेल्या पहिल्या सालारजंग यांनी १८६५ मध्ये जिल्हाबंदी अमलात आणली आणि कारभाराला नियमित दप्तराची शिस्त लावली. १८८४ मध्ये फारसीऐवजी उर्दू ही संस्थानच्या कारभाराची भाषा झाली. १९२१ मध्ये न्यायखाते महसुली अंमलापासून वेगळे करण्यात आले. तत्पूर्वीच्या काळात महसुली अधिकाऱ्यांकडे न्यायदानाचेही काम असे. परिणामी, त्या काळातील निवाड्याचा कागद न्यायालयाऐवजी महसुली दप्तरात असण्याचा संभव असतो.

हिंगोली शहराची स्थिती याहूनही निराळी होती. येथे १९०३ पर्यंत हैदराबाद कंटिंजंटची लष्करी छावणी होती. छावणीसंबंधीच्या कागदपत्रांचा माग निजामी दप्तराबरोबरच ब्रिटिश रेसिडेन्सीच्या दप्तरातही घ्यावा लागतो आणि ते दप्तर नवी दिल्ली येथील राष्ट्रीय अभिलेखागारात आहे.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी निजाम राजवटीचा अंत झाला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात समाविष्ट झाला आणि येथील न्यायालये हैदराबादऐवजी मुंबई उच्च न्यायालयाच्या अधिकारक्षेत्रात आली. २७ ऑगस्ट १९८१ पासून औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथे उच्च न्यायालयाचे कामकाज सुरू झाले. म्हणजेच वसमतच्या एखाद्या जमिनीच्या वादातील अपिलाचा निकाल काळानुसार हैदराबाद, मुंबई किंवा औरंगाबाद यांपैकी कोठेही झालेला असू शकतो. अभिलेखाचा शोध घेताना 'कोठे' या प्रश्नाआधी 'केव्हा' हा प्रश्न सोडवावा लागतो, तो यामुळेच.

भाषा, कालगणना आणि परिभाषा :

या अभिलेखांत भाषेचे तीन थर आढळतात. पहिला उर्दूचा, दुसरा संस्थानच्या विलीनीकरणानंतर वाढत गेलेल्या इंग्रजीचा आणि तिसरा मराठीचा. २१ जुलै १९९८ च्या अधिसूचनेने महाराष्ट्रातील जिल्हा व दुय्यम न्यायालयांची भाषा मराठी ठरविण्यात आली. यांशिवाय पक्षकारांनी पुराव्यादाखल हजर केलेले जुने कागद मोडी लिपीत असू शकतात.

निजामी कागदांवर फसली सन असतो. संस्थानच्या उत्तरकाळात फसली वर्ष ऑक्टोबरच्या सुमारास आजूर महिन्याने सुरू होई. त्यामुळे फसली सनाचे रूपांतर इसवी सनात करताना वर्षाच्या आरंभीच्या महिन्यांसाठी ५९० आणि जानेवारीनंतरच्या महिन्यांसाठी ५९१ मिळवावे लागतात. उदाहरणार्थ, १३५० फसलीमधील मुकदमा १९४० च्या अखेरचा किंवा १९४१ चा असतो. हा एका वर्षाचा फरक दुर्लक्षिला गेल्यास चुकीचे नोंदपुस्तक चाळले जाते आणि 'अभिलेख आढळून येत नाही' असे उत्तर पदरी पडते. नावांच्या बाबतीतही तीच दक्षता हवी. उर्दू कागदात वसमत हे 'बसमत' म्हणून येते. प्रकरणाच्या बाडाला मिसल, प्रतीला नक्कल आणि अभिलेख कक्षाला मुहाफिजखाना म्हणत. ही परिभाषा ज्ञात नसेल तर हाती आलेला कागदही ओळखता येत नाही.

न्यायालयाबाहेरील निवाडे :

जमिनीविषयीचा प्रत्येक निवाडा दिवाणी न्यायालयात झाला, हा समज चुकीचा आहे. १९५० च्या हैदराबाद कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियमाखालील प्रकरणे महसुली अधिकाऱ्यांपुढे चालली. इनाम व तत्सम हक्कांची चौकशी १९५२ च्या अतियात चौकशी अधिनियमानुसार वेगळ्या प्राधिकाऱ्यांनी केली. म्हणून संरक्षित कुळाचा किंवा देवस्थानच्या इनामाचा निर्णय शोधणाऱ्याने तहसील व जिल्हाधिकारी कार्यालयांतील अभिलेख कक्षही पाहिला पाहिजे. १९५४-५५ चे खासरा पत्रक अशा शोधात साहाय्यभूत ठरते, कारण त्यातील कब्जेदाराच्या नोंदीवरून वादाचे पक्षकार कोण असावेत याचा अंदाज बांधता येतो.

कायदेशीर तरतुदी व प्रत्यक्ष रीत :

सार्वजनिक दस्तऐवजाची प्रमाणित प्रत मिळण्याची तरतूद १८७२ च्या भारतीय पुरावा अधिनियमाच्या कलम ७६ मध्ये होती. १ जुलै २०२४ पासून त्याची जागा भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ७५ ने घेतली आहे. प्रत मिळविण्यासाठी न्यायालयाच्या नक्कल विभागात विहित शुल्कासह अर्ज करावा लागतो. अर्जात न्यायालयाचे नाव, प्रकरणाचा प्रकार, क्रमांक व वर्ष, पक्षकारांची नावे, निकालाची तारीख आणि हव्या असलेल्या कागदाचे वर्णन द्यावे लागते. पक्षकार नसलेल्या व्यक्तीने, म्हणजेच बहुधा संशोधकाने, आपले प्रयोजनही स्पष्ट करावे लागते. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ अन्वये अशा प्रती मागता येतील काय, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० रोजी गुजरात उच्च न्यायालयासंबंधीच्या प्रकरणात निकाली काढला. न्यायालयाच्या स्वतःच्या नियमांत प्रत देण्याची व्यवस्था असताना त्याच मार्गाने अर्ज केला पाहिजे, असा त्या निर्णयाचा आशय आहे. लैंगिक अत्याचार, अल्पवयीन मुले आणि बंद दालनात चाललेली वैवाहिक प्रकरणे यांवर कायद्याने घातलेली बंधने संशोधकासही लागू आहेत.

तथापि, सर्वच अभिलेख कायमस्वरूपी जतन केले जात नाहीत. अभिलेख नष्ट करण्याबाबतच्या १९१७ च्या अधिनियमाने उच्च न्यायालयांना यासंबंधी नियम करण्याचा अधिकार दिला. त्यानुसार प्रकरणातील कागदांची वर्गवारी होऊन काही कायम ठेवले जातात, तर काही ठरावीक मुदतीनंतर नष्ट केले जातात. निकाल हाती लागावा आणि ज्या जबाबांवर तो आधारला होता ते नाहीसे झालेले असावेत, असे घडू शकते. इतिहासकाराला मात्र अनेकदा त्या जबाबांचेच मोल अधिक असते. इंग्लंडमध्ये १८३८ च्या कायद्याने न्यायालयीन अभिलेख सार्वजनिक अभिलेखागाराच्या व्यवस्थेत आणले गेले, ही बाब या संदर्भात तुलनेसाठी लक्षात घेण्याजोगी आहे.

अभिलेखाचे सामाजिक मोल :

हा विषय केवळ अभ्यासकांपुरता मर्यादित नाही. स्वातंत्र्यसैनिकांना केंद्र शासनाने १९७२ पासून निवृत्तिवेतन सुरू केले, तेव्हा शिक्षेचा पुरावा म्हणून तुरुंगाचे किंवा न्यायालयाचे अभिलेख महत्त्वाचे ठरले. हैदराबाद मुक्तिसंग्रामात शिक्षा भोगलेल्या खेड्यातील कार्यकर्त्याला आपला त्याग सिद्ध करण्यासाठी, ज्या राजवटीविरुद्ध तो लढला तिच्याच उर्दू कागदाचा आधार शोधावा लागला. अलीकडचे उदाहरण कुणबी नोंदींचे आहे. मराठवाड्यातील निजामकालीन नोंदी तपासण्यासाठी सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली आणि जिल्ह्याजिल्ह्यांत उर्दू व मोडी वाचकांची निकड एकाएकी भासू लागली. आरक्षणाच्या प्रश्नावर मतभेद असू शकतात. परंतु जुना कागद वाचू शकणारी माणसे उरली नाहीत तर कोणत्याही पक्षाला आपले म्हणणे सिद्ध करता अथवा खोडून काढता येणार नाही, याविषयी दुमत होऊ नये.

संगणकीकरण : लाभ व मर्यादा :

२००७ मध्ये सुरू झालेल्या ई-न्यायालय प्रकल्पामुळे प्रकरणाला सोळा अंकाक्षरी क्रमांक मिळू लागला आणि अलीकडच्या प्रकरणांची स्थिती घरबसल्या कळू लागली. २०२३ मध्ये मंजूर झालेल्या ७,२१० कोटी रुपयांच्या तिसऱ्या टप्प्यात जुन्या अभिलेखांच्या अंकीकरणाचाही समावेश आहे. हे स्वागतार्ह आहे. मात्र उर्दू मिसलीचे छायाचित्र घेतल्याने ती सापडण्याजोगी होत नाही. तिच्यावरील नाव, गाव, सन व वादविषय वाचून सूची करणारा जाणकार नसेल तर कपाटातील अंधार संगणकात जाईल, एवढेच.

निष्कर्ष :

१. हिंगोली जिल्ह्याचे न्यायालयीन अभिलेख राजवट, भाषा आणि जिल्ह्याची सीमा यांतील बदलांमुळे विखुरलेले आहेत. १९९९ पूर्वीच्या प्रकरणांसाठी परभणीचा विचार अपरिहार्य आहे.

२. प्रत मिळविण्याचा कायदेशीर मार्ग उपलब्ध आहे. परंतु अर्जदाराला प्रकरणाचा क्रमांक व वर्ष ठाऊक आहे, असे तो गृहीत धरतो. खरी अडचण सूचीच्या अभावाची आहे.

३. दिवाणी, महसुली आणि अतियात अशा तिन्ही दप्तरांचा एकत्रित विचार केल्याशिवाय जमिनीच्या वादांचा इतिहास पूर्ण होणार नाही.

४. महाविद्यालयांच्या इतिहास, उर्दू आणि मराठी विभागांनी एकत्र येऊन मोडी व निजामकालीन उर्दू वाचनाचे वर्ग चालविणे आणि न्यायालयाच्या अनुमतीने अभिलेखांच्या सूची तयार करणे निकडीचे आहे.

कायद्याच्या दृष्टीने सार्वजनिक असलेला कागद समाजाच्या दृष्टीने सार्वजनिक होण्यासाठी तो सापडला पाहिजे आणि वाचता आला पाहिजे. यांतील पहिली जबाबदारी प्रामुख्याने न्यायालयाची असली, तरी दुसरी विद्येच्या क्षेत्रात काम करणाऱ्यांची आहे.