स्मृतिशिळा आणि वृंदावन : पालघर परिसरातील एक तौलनिक टिपण

तारापूर व वसई हे आजच्या पालघर जिल्ह्यातील किल्ले 1739 मध्ये मराठ्यांनी पोर्तुगिजांकडून जिंकले. वसई किल्ल्यातील, आता छप्पर नसलेल्या, फ्रान्सिस्कन चर्चच्या जमिनीत पोर्तुगीज लेख असलेल्या सपाट थडगेशिळा आढळतात. त्या मृताचे नाव जपतात. मात्र त्यांवर वाहिलेल्या फुलास आडोसा नसतो. याउलट मराठी परंपरेतील समाधी-वृंदावनाच्या चौकोनी दगडी बांधणीत वर मातीसाठी पोकळी असते. तीत तुळस रुजते व तिच्या मंजिऱ्या हीच नित्य पुष्पांजली ठरते. परंतु पुष्कळ वृंदावनांवर लेख नसतो. सांभाळणारे कुटुंब स्थलांतरित झाले की तुळस वाळते आणि समाधी कोणाची, हेही विस्मरणात जाते. म्हणून वृंदावनांची नोंद स्थानिक स्मृती जिवंत असेतोवर होणे अगत्याचे आहे.