मस्टरवर नसलेला माणूस

'मस्टर' हा शब्द मराठीत इतका मुरलाय की तो बाहेरून आलाय हे आपल्या लक्षातही येत नाही. ऑफिसात मस्टरवर सही करायची, रोजगार हमीच्या कामावर मुकादमाने मस्टर भरायचं. मस्टरवर नाव नसेल तर तुम्ही कामावर नव्हतातच. मग दिवसभर खडी फोडलेली असली तरी.

हा शब्द मुळात फौजेतला. पलटणीत कोण कोण आहे, वय काय, कुठे भरती झाला, किती मुदतीसाठी, आणि शेवटी 'शेरा'. अमेरिकन यादवी युद्धाच्या अशा याद्या वाचण्याचा नाद मला लागलाय. डेटाबेसवाल्या माणसाला रांगा आणि रकाने दिसले की हात शिवशिवतात, त्याला इलाज नाही. आज लिहायचंय ते अशाच एका गावाच्या कंपनीबद्दल. (कंपनी म्हणजे इथे सत्तर-शंभर जणांची तुकडी, आपली प्रायव्हेट लिमिटेड नव्हे!) खरं तर त्या यादीत नसलेल्या एका माणसाबद्दल.

गावाचं नाव पॉट्सव्हिल. पेनसिल्व्हेनिया राज्यातलं, दगडी कोळशाच्या खाणींवर जगणारं. १८६० साली वस्ती जेमतेम नऊ-साडेनऊ हजार. अशा गावांतून तेव्हा हौशी लष्करी कंपन्या असायच्या. गावातलेच वकील, कारकून, लोहार, खाणवाले गणवेश घालून कवायत करायचे, सणावारी मिरवायचे. पॉट्सव्हिलमध्ये दोन होत्या: 'वॉशिंग्टन आर्टिलरी' आणि 'नॅशनल लाइट इन्फन्ट्री'. वॉशिंग्टन आर्टिलरीबरोबर वर्षानुवर्षं एक काळा माणूस असायचा, निकोलस बिडल. कॅप्टन जेम्स रेनचा ऑर्डर्ली. पोरं त्याला आपल्यातलाच धरायची, गणवेशही तो त्यांचाच घालायचा.

१२ एप्रिल १८६१ ला दक्षिणेच्या तोफांनी फोर्ट समटरवर मारा सुरू केला. १५ तारखेला लिंकनने ७५,००० स्वयंसेवक मागितले, तीन महिन्यांसाठी. राजधानी वॉशिंग्टन तेव्हा जवळजवळ उघडी होती. पलीकडे व्हर्जिनिया फुटायच्या बेतात, अलीकडे मेरीलँडचा भरवसा नाही. १७ तारखेला पॉट्सव्हिलच्या दोन्ही कंपन्या गाडीत बसल्या. हॅरिसबर्गला रेडिंग, लुइसटाउन आणि अ‍ॅलनटाउन या गावांच्या तीन कंपन्या येऊन मिळाल्या. १८ तारखेला सकाळी सेनेका सिमन्स नावाच्या खड्या फौजेतल्या अधिकाऱ्याने सगळ्यांना शपथ दिली. हेच ते 'मस्टर-इन'. त्या क्षणापासून ही माणसं सरकारच्या नोकरीत.

बिडल सोडून. १७९२ च्या मिलिशिया कायद्यात कोणाची नोंद करायची ते लिहून ठेवलं होतं, आणि त्यात 'गोरा' ही अट होती. आपल्या भाषेत सांगायचं तर फॉर्मलाच व्हॅलिडेशन लावलेलं. सिमन्सला त्याच्याबद्दल काय वाटत होतं, कॅप्टन रेनला काय वाटत होतं, याचा प्रश्नच आला नाही. साधारण पासष्टीचा हा माणूस तरीही गाडीत चढला.

बाल्टिमोरला गाडी बदलावी लागायची. एका स्टेशनावर उतरून शहरातून सुमारे दोन मैल चालत दुसऱ्या स्टेशनावर जायचं. शहरात दक्षिणेच्या बाजूचे लोक भरपूर. आमच्या पाच कंपन्यांकडे धड हत्यारं नाहीत, दोन्ही बाजूंना खवळलेला जमाव. त्यात गणवेशातला काळा माणूस दिसल्यावर तर विचारूच नका. शिव्या, बाटल्या, दगड, विटा. एक वीट बिडलच्या डोक्यात बसली आणि रक्ताची धार लागली. अ‍ॅलनटाउनच्याही काही जणांना जबर लागलं. सगळे कसेबसे गाडीत चढले आणि संध्याकाळी वॉशिंग्टनला पोचले. मुक्काम थेट कॅपिटॉलच्या इमारतीत. तिथे लिंकन स्वतः त्यांना भेटला आणि बिडलला डॉक्टरकडे जा म्हणाला, असं सांगतात. दुसऱ्याच दिवशी याच शहरात मॅसॅच्युसेट्सच्या पलटणीवर हल्ला झाला आणि त्यात चार सैनिक व बारा नागरिक मेले. पुस्तकांत बाल्टिमोर येतं ते बहुधा त्या १९ तारखेमुळे.

युद्धातलं पहिलं रक्त बिडलचं, असा पॉट्सव्हिलचा दावा. यावर वाद घालता येतो. समटरवर सलामीच्या तोफा उडवताना स्फोट होऊन १४ तारखेलाच एक सैनिक मेला होता. पण तो अपघात. शत्रूच्या हातून जखमी झालेल्यांत बिडल अगदी पहिल्यांपैकी, एवढं तरी मान्य करायला हरकत नाही.

आता खरी गोष्ट. या पाच कंपन्यांना नाव पडलं 'फर्स्ट डिफेंडर्स', राजधानीचे पहिले रक्षक. २२ जुलै १८६१ ला, म्हणजे बुल रनच्या पराभवाच्या दुसऱ्याच दिवशी, प्रतिनिधीगृहाने त्यांच्या आभाराचा ठराव केला. पुढे १८९१ मध्ये राज्याने पदकं दिली. १८६२ साली जखमी सैनिकांसाठी पेन्शनचा कायदा झाला. १८९० साली तो इतका सैल झाला की नव्वद दिवसांची नोकरी आणि अंगमेहनतीला अडेल असं कुठलंही दुखणं एवढ्यावर पेन्शन. १८९० च्या दशकात तर केंद्राच्या एकूण खर्चातला सुमारे ४० टक्के खर्च पेन्शनवर जायचा. पण या सगळ्या दारांवर एकच प्रश्न: मस्टर झालात कधी?

पेन्शनचे अर्ज इतके आले की याद्या हाताळून हाताळून फाटायला लागल्या. मग एन्सवर्थ नावाच्या लष्करी डॉक्टरच्या देखरेखीखाली कारकुनांची फौज बसली. प्रत्येक यादीतली प्रत्येक नोंद वेगळ्या कार्डावर उतरवायची आणि एका माणसाची सगळी कार्डं एका पाकिटात घालायची. संगणक नसताना केलेलं इंडेक्सिंग म्हणा ना. आज नॅशनल पार्क सर्व्हिसच्या ऑनलाइन डेटाबेसमध्ये ६३ लाख नोंदी आहेत, त्यांच्या मुळाशी असल्याच कार्डांच्या सूची आहेत. मला या कामाचं मनापासून कौतुक आहे. पण यादीत नाव नाही तर कार्ड नाही, कार्ड नाही तर पाकीट नाही, पाकीट नाही तर डेटाबेसात ओळ नाही. १८६१ मधली एक अट कुणी नव्याने खोटेपणा न करता दीडशे वर्षं पुढे सरकत राहते.

अट नंतर बदलली. जुलै १८६२ च्या कायद्याने दार किलकिलं झालं, १८६३ पासून काळ्या सैनिकांच्या पलटणी रीतसर उभ्या राहिल्या आणि युद्ध संपेपर्यंत सुमारे १,७९,००० काळे सैनिक मस्टरवर चढले. पगारात मात्र फरक. गोऱ्याला १३ डॉलर, काळ्याला १०, त्यातूनही ३ कपड्यांचे कापायचे. जून १८६४ मध्ये समान पगार झाला. पण भरतीपासूनची पूर्ण थकबाकी कोणाला? १९ एप्रिल १८६१ रोजी जे गुलाम नव्हते त्यांना. म्हणून त्यांच्या याद्यांत शेऱ्याच्या रकान्यात अनेकदा ही तारीख दिसते. बिडलला वीट लागली त्याच्या दुसऱ्या दिवसाची तारीख! ती पहिल्यांदा वाचली तेव्हा मी बराच वेळ स्क्रीनकडे बघत बसलो.

बिडल पॉट्सव्हिलला परतला. १८६४ मध्ये फिलाडेल्फियात सैनिकांच्या मदतीसाठी मोठी जत्रा भरली, तिथे त्याचे गणवेशातले फोटो विकले गेले. 'या युद्धातला पहिला जखमी' म्हणून. पैसे सैनिकांच्या मदतीला. त्याला स्वतःला पेन्शन नाही. म्हातारपण गरिबीत गेलं, आणि १८७६ च्या ऑगस्टमध्ये तो वारला तेव्हा पुरण्यापुरतेही पैसे मागे नव्हते. मग दोन्ही कंपन्यांतल्या हयात साथीदारांनी प्रत्येकी एक डॉलर काढून त्याच्या कबरीवर दगड बसवला, असं गावात सांगतात. सरकारी यादी त्यांच्या हातात नव्हती, वर्गणीची यादी होती.

त्या दगडावर काय कोरलं होतं? जिल्ह्याच्या पहिल्या स्वयंसेवकांसोबत बाल्टिमोरमधून जाताना तो जखमी झाला, अशा अर्थाचं. 'सोबत'. १९५१ साली गावातल्या सैनिक स्मारकावर एक पट्टी बसवली. तिच्यावर फर्स्ट डिफेंडर्स 'आणि' निकोलस बिडल यांची स्मृती आहे.

दोन्ही वेळा लिहिणाऱ्यांच्या मनात प्रेमच होतं, यात शंका नाही. तरीही दगड आणि पितळ दोन्ही मस्टरचंच व्याकरण पाळतात. तो त्यांच्यासोबत आहे, त्यांच्यात नाही.

आपण दिवसभर स्कीमा लिहितो, फील्ड कंपल्सरी करतो, ड्रॉपडाउनमध्ये चार पर्याय टाकून मोकळे होतो. जो पर्यायांत बसत नाही त्याची तक्रारही आपल्यापर्यंत येत नाही, कारण तक्रारीच्या फॉर्मलाही आधी आयडी लागतो. बिडल आपल्याला माहीत आहे तो एक फोटो, एक दगड आणि गावाची आठवण यांच्या जोरावर. ज्यांच्या साथीदारांनी डॉलर काढला नाही, अशांची संख्या कुठलीही क्वेरी देऊ शकत नाही.